कारखाना आणि फुटबॉल क्लब



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनसवर, महागाई भत्त्यावर किंवा टाळेबंदीवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. चालकांनीही तसेच धरले होते. आम्ही 'कारखाना आणि फुटबॉल क्लब' असा विषय कळविला, तेव्हा त्यांनी निरोप पाठवून विचारले की अक्षर लावण्यात आमची काही चूक तर झाली नाही ना. चूक झालेली नाही. आम्हाला आज फुटबॉलवरच बोलायचे आहे. आता बोलता बोलता बोनसच्या दारावरून जावे लागले तर त्याला इलाज नाही; पायांना सवयीचा रस्ता असतो.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वान व्याख्यात्याची मांडणी आमच्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम 'हौशी' हा शब्द पाहू. जो खेळाचे पैसे घेत नाही तो हौशी, अशी साधी व्याख्या आहे. परंतु पैसे न घेणाऱ्यालाही खेळायला काही गोष्टी लागतातच. हाताशी रिकामी संध्याकाळ लागते. पायाखाली मैदान लागते. आणि ज्यांच्याबरोबर खेळायचे ते दहाजण आज आहेत तसे पुढच्या वर्षीही गावात असावे लागतात. सावकाराच्या मुलाला हे सारे बापाकडून मिळते. कामगाराला ते मिळवावे लागते. आणि कोणी ते कसे मिळविले, कोणी कसे गमावले, हाच आमच्या मते क्लबाचा खरा इतिहास. गोल किती झाले आणि ढाल कोणी नेली, हा त्याचा तपशील.

आपल्या पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कोणाही माणसाला कारखान्यांची नावे विचारा. तो दोन्ही हातांची बोटे संपेपर्यंत सांगेल. फुटबॉल क्लबाचे नाव विचारा. तो तुमच्याकडे पाहत राहील. आमच्या लोकांना या खेळाची आवड नाही, असे त्याचे उत्तर काही मंडळी देतात. ते आम्हाला मान्य नाही. खरे उत्तर शोधण्यासाठी, ज्या देशात हे क्लब पहिल्यांदा निघाले तिकडे थोडे जाऊन येऊ.

लंडनजवळ वुलिच येथे सरकारी तोफांचा व दारूगोळ्याचा कारखाना होता; आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्याच जातीचा. तिथल्या 'डायल स्क्वेअर' नावाच्या खात्यातील कामगारांनी १८८६ साली फुटबॉलसाठी वर्गणी काढली. पंधराजणांनी प्रत्येकी सहा पेन्स दिले, आणि डेव्हिड डान्स्किन या स्कॉटिश कामगाराने स्वतःच्या खिशातले तीन शिलिंग वर घातले. एकूण साडेदहा शिलिंग झाले व चेंडू आला. सदऱ्यांना पैसे नव्हते. त्यांच्यातले काही गडी पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबात खेळलेले होते. त्यांनी जुन्या क्लबाला पत्र लिहून लाल सदरे मागवून घेतले. तो उसना लाल रंग आजही आर्सेनल क्लबाच्या अंगावर आहे. आर्सेनल या शब्दाचा अर्थच मुळी शस्त्रागार.

हे त्यांना साधले कसे, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्यांना वेळ कुठून मिळाला? इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील बायका व अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबले. बायकामुले बाहेर पडल्यावर उरलेल्या पुरुषांवर गिरणी चालत नाही. हळूहळू शनिवारची दुपार सगळ्याच कामगारांची झाली. तिकडे फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला भरू लागले ते यामुळे. खेळाच्या पुस्तकांत या कायद्याला एखादी ओळ मिळते. आम्ही त्याला पहिले पान दिले असते.

दुसरा दाखला टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्याचा. तेथे १८९५ साली संप झाला होता. त्याच वर्षी मालक अर्नोल्ड हिल्स यांनी कामगारांचा फुटबॉल क्लब काढला. संपाची कडू चव तोंडातून जावी, हा त्यामागचा एक हेतू होता असे इतिहासकार सांगतात. आम्ही संप केलेले लोक; आम्हाला हे वाचून हसू आले, पण हिल्स यांचा राग आला नाही. माणूस तत्त्वाचा होता. आपल्याच कामगारांनी खेळावे आणि पैशाशिवाय खेळावे, असा त्यांचा आग्रह. क्लबाला मात्र जिंकायचे होते, आणि त्यासाठी बाहेरचे पैसे घेणारे खेळाडू हवे होते. अखेर १९०० साली जुना क्लब मोडला आणि वेस्ट हॅम युनायटेड या नावाने नवा उभा राहिला. जहाजांचा कारखाना १९१२ साली बंद पडला. क्लब अजून आहे, आणि लोक त्या संघाला अजून 'हॅमर्स', म्हणजे हातोडे म्हणतात. मालकाचा हात त्याने बारा वर्षे आधीच सोडला होता, म्हणून मालक बुडाला तेव्हा तो तरला.

यावरून मालकाच्या हातातला क्लब मरतोच, असा नियम कोणी काढू नये. जर्मनीत लेव्हरकुसेन येथे बायर कंपनीचा औषधांचा व रंगांचा कारखाना आहे. विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगाराने १९०३ साली कंपनीला पत्र लिहिले की आम्हाला क्रीडा मंडळ काढायचे आहे, मदत करावी. पत्राखाली दीडशेहून अधिक कामगारांच्या सह्या होत्या. आमच्या भाषेत त्याला मागणीपत्र म्हणतात! कंपनीने मान्य केले, १९०४ च्या जुलैत मंडळ स्थापन झाले, आणि कंपनीच्याच मालकीच्या त्या क्लबाने २०२४ साली प्रथमच जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले. सह्या केल्या त्यांची नातवंडेही तोवर म्हातारी झाली असतील.

आणि तिसरा दाखला तर आपल्या दाराशीच येऊन ठेपतो. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे. या कंपनीचे मूळ गाव वोल्फ्सबर्ग. ते १९३८ साली कारखान्यासाठीच वसविलेले. महायुद्ध संपले तेव्हा तिथे पडझड झालेले कारखाने आणि अर्धपोटी माणसे एवढेच होते. तशात १९४५ च्या सप्टेंबरमध्ये कामगारांचा क्लब निघाला. संघाच्या प्रशिक्षकाजवळ दहा हिरवे सदरे होते, म्हणून संघाचा रंग हिरवा ठरला. चड्ड्यांसाठी लोकांनी पांढऱ्या चादरी दिल्या आणि गावातल्या बायकांनी त्या शिवून दिल्या. वर्ष संपायच्या आत खेळाडू फुटले, वेगळा क्लब काढून गेले, आणि मूळ संघात म्हणे एकटा एकच खेळाडू राहिला. तरी क्लब टिकला. चाकणच्या कारखान्याचे उद्‌घाटन २००९ च्या मार्च अखेरीस झाले. मे महिन्यात वोल्फ्सबर्गचा तो हिरवा संघ जर्मनीचा विजेता झाला. त्या दिवसांत चाकणच्या गेटवर आम्ही उभे असू. तिथल्या पोरांना ती बातमी ठाऊक नव्हती. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

आता घरी येऊ. आपल्याकडे कामगाराला पहिली हक्काची सुटी कोणी मिळवून दिली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे हे अनुयायी ठाण्यात जन्मले, तरी त्यांचे घराणे मूळ आपल्याच पुणे जिल्ह्यातले, कन्हेरसरचे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली व तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, म्हणजे १८९१ साली, मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. योगायोगच म्हणायचा, कारण ते खेळले गोऱ्या पलटणींनी. आमच्या माणसाला रविवार मिळाला होता, पण त्या रविवारी झोप काढायची, की चाळीच्या नळावर आठवड्याचे कपडे धुवायचे, की चेंडू मारायचा? आठवड्याचे तास साठ ठरले ते १९२२ च्या कायद्याने, चोपन्न झाले १९३४ च्या कायद्याने, आणि डॉ. आंबेडकर केंद्र सरकारात मजूर खाते सांभाळीत असताना ज्याची तयारी झाली, ते अठ्ठेचाळीस तास १९४६ साली कायद्यात आले. हिंदी कामगाराची संध्याकाळ ही अशी तुकड्यातुकड्याने आलेली आहे.

ती आली आणि मुंबईच्या मैदानांवर कंपन्यांचे संघ दिसू लागले. टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, पुढे मफतलाल, ओर्के. खेळाडू नावाने हौशी. नोकरी कंपनीत, खेळ कंपनीसाठी. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. टाटांच्या संघातला नेव्हिल डिसूझा १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आला. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई, आणि त्या स्पर्धेत भारत चौथा आला. त्या पिढीतली ही माणसे खेळ आटोपला की कचेरीत हजेरी लावीत. ही व्यवस्था आदर्श होती असे आम्ही म्हणत नाही. खेळाडूला बढती लवकर आणि शेजारच्या मशिनवरच्याला उशिरा, ही कुरबूर आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहे. पण एक गोष्ट तीत होती. खेळाडूचे नाव हजेरीपटावर कायमचे असे. गुडघा मोडला तरी महिन्याचा पगार मोडत नसे.

पुढे काय झाले ते तुम्ही जाणताच. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत, मग त्यांच्या मैदानावरची माणसे कुठून राहणार? जे टिकले त्यांत महिंद्राचा संघ मोठा. १९६२ साली निघालेला हा संघ पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने देशभर गाजला आणि २००५-०६ सालची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली. २०१० साली कंपनीने तो बंद केला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा आहे, असे कारण दिले. त्याच २०१० साली महिंद्राचा चाकणचा कारखाना सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पण कामगाराच्या डायरीत त्या एकाच पानावर येतात. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी मिलनेही आपला संघ मोडला, ज्याने देशातली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती तो संघ. बालेवाडीच्या मैदानावर तर आपण अगदी जवळून पाहिले. पुणे एफसी २००७ साली आली, २०१३ साली देशात दुसरी आली, आणि दोनेक वर्षांत गेली. एफसी पुणे सिटी २०१४ ला आली आणि २०१९ ला गेली. गल्लीतल्या पोरांनी भगव्या-जांभळ्या रंगाचे सदरे विकत घेतले होते; ते नंतर क्रिकेट खेळताना वापरले. मालकाला संघ परवडेनासा झाला की संघ नाही. त्यात फसवणूक कोणतीच नाही. वस्तू त्याची, तो विकील किंवा मोडील.

आता आपल्या पट्ट्याकडे वळतो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि साठीच्या दशकात पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी इथल्या ज्वारीच्या शेतांत शेड उभ्या राहिल्या. त्या जुन्या कारखान्यांची एक रीत होती. कारखान्याबरोबर वसाहत, वसाहतीत शाळा, शाळेपुढे मैदान. एचएच्या वसाहतीत वाढलेली माणसे या सभागृहात नक्की असतील. त्यांना आम्ही काय सांगावे? डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी औषध कंपन्यांच्या जादा जमिनी विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला, त्यांत पिंपरीचीही कंपनी होती. थकलेले पगार मिळायलाच हवे होते, त्याबद्दल वाद नाही. पण 'जादा जमीन' हा शब्द आम्ही कागदावर वाचला तेव्हा जरा थांबलो. पोरे खेळतात ती जमीन जादा, की नडीची?

आम्ही स्वतः ज्या संघाबरोबर दहा-बारा वर्षे होतो, तो कामगारांच्या एका वसाहतीतला. संघाचे नाव घेत नाही. त्यातले लोक अजून आपल्यात आहेत आणि व्यासपीठावरून आपले कौतुक झालेले त्यांना आवडणार नाही. आम्ही खेळाडू म्हणून यथातथाच. खजिनदार बरे होतो. वर्गणी पगाराच्या दिवशी गेटवरच घ्यायची, कारण पगार घरी पोचला की फुटबॉलची वर्गणी त्यातून सुटत नाही. गोलाचे खांब भंगारवाल्याकडच्या पाइपांचे. त्यांना वेल्डिंग करून देणारा गडी कामात असा चोख की जाळे फाटले, पण खांब हलले नाहीत. रविवारी सकाळी फक्की मारायची, म्हणजे चुन्याने रेषा आखायच्या. ते काम ज्याची रात्रपाळी सुटलेली असे त्याच्याकडे, कारण तो जागाच असे. बूट सगळ्यांना नव्हते. एकाच मापाच्या दोघांत एक जोडी, आणि मध्यंतरात अदलाबदल. संघात खडकीकडची पोरे होती, त्यांनी लष्करी मैदानांच्या कडेला उभे राहून खेळ उचलला होता. एक केरळी फिटर होता, एक गोव्याचा टर्नर, आणि कोल्हापूरचे तिघे.

या संघाची खरी लढत पाळ्यांशी होती. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या. संघात चोवीस माणसे धरा. संध्याकाळी पाच वाजता त्यातली आठ दुसऱ्या पाळीला आत असतात. आठ रात्रपाळीची, ती नुकतीच उठलेली, डोळे चोळणारी. उरलेली आठ पहिल्या पाळीची, सकाळी पाचला उठून आठ तास उभ्याने काम करून आलेली. यातून अकरा उभे करायचे. गोलरक्षक आणि त्याचा बदली एकाच पाळीत आले की त्या आठवड्याला गोलात कोणीही उभा राही. स्पर्धेचा सामना ठरला म्हणजे आमचे निम्मे काम मैदानावर नसून सुपरवायझरच्या टेबलापाशी असे. अमक्याची पाळी तमक्याशी बदलून द्या, पुढच्या आठवड्यात तो भरून देईल. काही सुपरवायझर खडूस होते, काही खेळाडू होते, आणि एक तर आमच्या संघाचा लाइनमन होता. कायम कामगार असल्यामुळे ही अदलाबदल चाले. दोघेही पुढच्या आठवड्यात तिथेच असणार, हे सगळ्यांना माहीत असे.

तो संघ बंद पडला त्याला हार-जीत कारण झाली नाही. दोन हजार सालच्या आगेमागे स्वेच्छानिवृत्ती आली. तिला स्वेच्छा का म्हणतात हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. चांगले जुने खेळाडू पैसे घेऊन गावी गेले. त्यांच्या जागी जी पोरे आली ती कंत्राटी किंवा तात्पुरती. कायद्यात आणि स्थायी आदेशांत २४० दिवसांच्या सेवेला महत्त्व होते, म्हणून सात महिने भरत आले की ब्रेक. पोरगे खेळायला उत्तम, चपळ. पाच महिन्यांत संघात मुरते. सातव्या महिन्यात पेटी उचलून चालले रांजणगावला, नाहीतर थेट गावी. आम्ही नोंदवहीत नावे खोडून खोडून थकलो. आणि कंत्राटी पोराची पाळी बदलून मागायला सुपरवायझरकडे जायचे कसे? ठेकेदार म्हणतो, याला खेळायला वेळ आहे, म्हणजे याला कामाची गरज नाही. अशा रीतीने एक-दोन पोरांची रोजी गेल्यावर बाकीची आपणहून येईनाशी झाली. मग एका पावसाळ्यानंतर त्या मैदानात तयार गाड्या उभ्या करण्याचे अंगण झाले. पण खरे सांगायचे तर तोपर्यंत मैदानावर उतरायला माणसेच राहिली नव्हती.

आमच्या तीन कोल्हापूरकरांपैकी एकजण बचावाला खेळे. दर वर्षी कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला की तो हक्काची रजा टाकून गावी जाई आणि आपल्या पेठेच्या संघाकडून खेळे. त्याच्याबरोबर आम्ही एकदा शाहू स्टेडियमवर गेलो, आणि जे पाहिले ते पुण्यामुंबईत कुठे पाहिले नव्हते. उन्हात हजारो माणूस. म्हातारे, पोरे, भाजीवाले, फाउंड्रीतून तसेच आलेले काळ्या हातांचे मोल्डर. संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांच्या राज्यात पेठोपेठी कुस्ती रुजली, आणि पुढे त्याच तालमींतल्या पोरांच्या पायाला चेंडू लागला. १९४० पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही सारी लीग चालवीत आली आहे. त्या संघांना राजघराण्याचा आधार मिळाला हे खरे, परंतु मालक म्हणून त्यांच्यावर कोणी बसलेला नाही. तालीम पेठेची. पेठ काही स्वेच्छानिवृत्ती घेत नाही. बाप ज्या रंगात खेळला त्याच रंगात पोरगा खेळतो, आणि नोकरी गेली, धंदा बसला, तरी त्याचे पेठेतले नाव खोडले जात नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्यात आपल्या संघाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

कोल्हापूरवर आम्ही लट्टू झालो आहोत असे समजू नका. तिथे समर्थकांच्या मारामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात. अलीकडे पैसे देऊन परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढही लागली. त्यामुळे पेठेतला पोरगा कडेला बसतो. हिल्स साहेबांना जो प्रश्न पडला होता तोच तिथल्या पंचमंडळींना पडलेला आहे. परंतु भांडण्यासाठी तरी त्यांच्याजवळ क्लब आहे.

भगिनीवर्गाच्या वतीनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण चाकणच्या असेंब्ली लाइनवर आज मुली मोठ्या संख्येने उभ्या आहेत. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात प्रेस्टन गावी डिक कर या कारखान्यात बायका दारूगोळा तयार करीत. त्यांनी १९१७ साली फुटबॉल संघ काढला. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्या सामने खेळत. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार माणूस लोटला. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिकडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. ठराव असा की कोणत्याही संलग्न क्लबाने आपले मैदान बायकांना देऊ नये. खेळू नका असे सांगायची त्यांना गरजच पडली नाही. मैदान काढून घेतले की पुरे झाले. ती बंदी उठायला पन्नास वर्षे लागली.

मैदानाचे झाले, संध्याकाळचेही आज पक्के नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत वाढविण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, कामगाराची संमती लागेल, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले गेले. हिशेब मांडणारे म्हणतील, बारा तासांचे चार दिवस म्हणजे तीन दिवस सुटी, खेळा मनसोक्त. आमच्या चोवीस माणसांच्या यादीवर आम्ही तो हिशेब मांडून पाहिला. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन-तीन तास, म्हणजे कामाच्या दिवशी सराव नाहीच. सुटीचे दिवस प्रत्येकाचे निराळे. आणि ज्या कंत्राटी पोराची 'संमती' घेतली जाणार, तो नाही म्हणू शकतो का, हे येथे बसलेल्यांपैकी ज्याने एक दिवस तरी ठेकेदाराकडे काम केले आहे त्याने सांगावे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही चाकणपलीकडे महाळुंग्याच्या बाजूला सभासद नोंदणीला गेलो होतो. एका कारखान्याच्या भिंतीलगत मोकळ्या जागेवर फुटबॉल चाललेला दिसला. झारखंड, ओडिशा, बंगाल, आसाम, मणिपूर अशा नाना प्रांतांची पोरे. गोलाला विटा. बरेचजण अनवाणी. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकले तेव्हा त्यांचेही दहा खेळाडू अनवाणीच होते. पण तो विचार आम्हाला नंतर सुचला, त्या वेळी नुसते बघत बसलो. खेळ सुरेख होता. लांब मारा नाही, सगळे लहान लहान पास, कारण जागाच तेवढी. संपल्यावर आम्ही विचारले, संघाचे नाव काय? एकजण हसून हिंदीत म्हणाला, नाव कशाला साहेब, पुढच्या महिन्यात यातले अर्धे इथे नसतील. कोल्हापूरच्या पेठेतल्या पोराला हे वाक्य समजावून सांगायला आम्हाला अर्धा तास लागेल.

त्यांच्यातल्या बऱ्याचजणांना आमच्या युनियनचे सभासद होता येत नाही, कारण ते कोणाचे नोकर आहेत हेच कागदावर ठरत नाही. पण क्लबाचे सभासद व्हायला हजेरीपट लागत नाही. म्हणून आम्ही सध्या एवढेच धरले आहे. औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात मोकळ्या जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यातली एक, खेळाचे मैदान म्हणून, कोणत्याही कंपनीच्या नावाने न देता, सर्वांसाठी खुली ठेवावी. रविवारी सकाळी तिचे भाडे घेऊ नये. आणि तिथे एक पाण्याचा नळ असावा. क्लब पोरे काढतील. एक गेला तर दुसरा येईल, पण नाव आणि जागा तीच राहील, अशी नोंदणी करता येईल का, हे आम्ही वकिलांना विचारले आहे. ते म्हणतात, करता येईल, मात्र पदाधिकारी म्हणून पाच-सात माणसे इथली, कायम पत्त्याची हवीत. ती आम्हाला तुमच्यातून हवी आहेत. फुटबॉल येत नसला तरी चालेल. आम्हालाही फारसा येत नव्हता.

महामंडळाला द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. सह्या आतापर्यंत चौऱ्याऐंशी झाल्या आहेत, त्यातल्या पुष्कळ अंगठ्याच्या नाहीत, चांगल्या बंगाली आणि ओडिया अक्षरात आहेत. अर्ज बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलावर ठेवलेला आहे, आणि व्याख्यान संपल्यानंतर अर्धा तास आम्ही तिथे बसणार आहोत.